नवजात बाळाची सिकलसेल तपासणी: कोणती चाचणी, कधी करायची आणि रिपोर्ट आईपर्यंत कसा पोचवायचा?

सीएचओ_कुरखेडा_रोड

सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) मोहिमेत ० ते ४० वयोगटातल्या सगळ्यांची तपासणी धरली आहे, म्हणजे काल जन्मलेलं बाळही यादीत येतं. पुष्कळ ठिकाणी बाळाचीही मोठ्यांसारखी नळीतली सोल्युबिलिटी चाचणीच (रक्त द्रावणात विरघळतं का बघायची) करतात, 'निगेटिव्ह' लिहितात नि पोर्टलवर एंट्री मारून मोकळे होतात. हे चालतं का? नसेल चालत तर उपकेंद्र, पीएचसी आणि ग्रामीण रुग्णालय, प्रत्येकानं नक्की काय करायचं? टाचेतून रक्त कसं घ्यायचं, थेंब टिपायचं कागदी कार्ड कसं वाळवायचं, रिपोर्ट कसा वाचायचा, बाळ पॉझिटिव्ह निघालं तर पुढं काय, हे सगळं इथं एका जागी आलं तर आशाताईंच्या बैठकीत वाचून दाखवता येईल. परिपत्रकाच्या भाषेत नको जी, कळेल असं लिहा.

लॅबटेक_वैनगंगा

नाही चालत. सहा महिन्यांखालच्या बाळाची सोल्युबिलिटी करूच नये. 'निगेटिव्ह' आली तर तिला काही अर्थ नाही, आणि तो कागद घरात राहिला तर नुकसानच होतं, कारण पुढं लेकरू आजारी पडलं की घरचे म्हणतात, "सिकलची तपासणी झाली आहे, काही निघालं नाही."

कारण असं. जन्माच्या वेळी पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात साधारण ६० ते ८० टक्के गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे एफ असतं. मोठ्यांचं ए किंवा सिकलचं एस उरलेल्या भागात बसतं. वाहक (एएस, एकाच पालकाकडून एस आलेल्या) बाळात एस फार तर १० टक्क्यांच्या आसपास. एसएस (दोन्ही पालकांकडून एस आलेल्या, म्हणजे रुग्ण) बाळातही ते २०-२५ टक्क्यांच्या घरात. सोल्युबिलिटीत सोडियम डायथायोनाइट रक्तातला ऑक्सिजन काढून घेतं, मग एस विरघळलेलं राहत नाही, नळी गढूळ होते आणि नळीमागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. एस २० टक्क्यांच्या खाली असेल तर गढूळपणा येईलच याचा भरवसा नाही, आणि एफ स्वतः एसला गुठळी धरू देत नाही. म्हणजे सगळ्यात बिमार होणारं बाळसुद्धा या नळीत साफ दिसू शकतं.

दुसरं म्हणजे ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगतच नाही, मोठ्यांमध्येही नाही. ती फक्त 'एस आहे' एवढंच म्हणते. पुढं इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या लॅबच्या चाचण्या) लागतेच.

मेडिकल_ऑफिसर_जिवती

लॅबटेक सरांशी सहमत. पण प्रत्येक बाळाची एचपीएलसी करायला यंत्र आणि माणूसबळ आहे कुठं? गरोदरपणात आईची सोल्युबिलिटी झालेलीच असते. आई निगेटिव्ह असेल तर बाळ एसएस होऊच शकत नाही. मग आई पॉझिटिव्ह असेल त्याच बाळांची तपासणी केली तर काम एकदम आटोक्यात येतं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या नवजात तपासणीत हाच मार्ग होता: आधी आईची सोल्युबिलिटी, आणि पॉझिटिव्ह आईच्या बाळाची एचपीएलसी.

हिशोब मांडून बघा. समजा एका तालुक्यात वर्षाला १००० बाळंतपणं होतात आणि १०० आया वाहक आहेत. नवऱ्यांतही तेच प्रमाण धरलं तर १० जोडपी दोघंही वाहक. प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता २५ टक्के, म्हणजे दोन-तीन बाळं. १००० टाचा टोचण्यापेक्षा १०० टोचून तीच बाळं सापडत असतील तर का नाही?

लॅबटेक_वैनगंगा

सर, हिशोब बरोबर आहे आणि सुरुवात करायला मार्गही हाच. पण त्याला भोकं तीन आहेत, ती बुजवूनच वापरा.

पहिलं भोक: आईला ॲनिमिया. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर ठरलेल्या २० मायक्रोलिटर रक्तात लाल पेशीच कमी जातात आणि एस असूनही नळी स्वच्छ दिसते. अशा आईचं रक्त दुप्पट घ्यायचं, किंवा सरळ एचपीएलसीला पाठवायचं. आपल्याकडे गरोदर बाईचं एचबी ७ असणं काही नवलाचं नाही.

दुसरं: आईला गरोदरपणात किंवा त्याच्या थोडं आधी रक्त चढवलं असेल तर रिपोर्टमध्ये रक्त देणाऱ्याचं ए मिसळलेलं असतं. तीन-चार महिने त्या रिपोर्टवर विसंबू नका.

तिसरं सगळ्यात जास्त निसटतं. आई बीटा थॅलेसेमियाची (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजार) वाहक, तिच्यात एस नाही, सोल्युबिलिटी साफ निगेटिव्ह. नवरा सिकल वाहक. बाळाला आईकडून थॅलेसेमियाचं जनुक, बापाकडून एस. हे बाळ एस-बीटा थॅलेसेमियाचं, आणि त्याचा त्रास एसएसइतकाच होऊ शकतो. तुमच्या चाळणीत ते सापडणारच नाही. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत थॅलेसेमिया जास्त आढळतो, पण दुसरीकडे नाही असं समजू नका.

शिवाय अभिकर्मक (चाचणीचं रसायन) जुना असला की चाचणी खोटी निगेटिव्ह येते. डायथायोनाइट हवेत खराब होतं. डबी उघडी ठेवली, दमट खोलीत ठेवली की गेली. दर वेळी एक माहीत असलेला एएस आणि एक एए (एस नसलेला) नमुना सोबत लावायचा. एएसच्या नळीत रेघा दिसत राहिल्या तर त्या दिवशीच्या सगळ्या निगेटिव्ह रद्द.

म्हणून माझं मत: जिथं सिकलचं प्रमाण जास्त, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाचे आणि यवतमाळचे आदिवासी तालुके, मेळघाट, तिथं आईचा रिपोर्ट काहीही असो, सगळ्या बाळांची करा. बाकी ठिकाणी आई पॉझिटिव्ह, आईचा रिपोर्ट नाही, आईचं एचबी ७ च्या खाली, आईला रक्त चढवलेलं किंवा घरात कुणी सिकल रुग्ण, यांतलं एकही 'हो' असेल तर बाळाची करायचीच.

सीएचओ_कुरखेडा_रोड

बरं, मग रक्त कधी घ्यायचं? आणि नाळेचं चालतं का?

स्टाफनर्स_लेबररूम

नाळेचं चालतं, पण त्यात आईचं रक्त मिसळायचा धोका आहे. नाळ कापल्यावर पिळून नळीत थेंब पाडले तर हमखास मिसळतं. घ्यायचंच तर नाळ पुसून, बाहेरून स्वच्छ करून, नाळेच्या शिरेत सुई घालून सिरिंजनं काढा आणि २ मिली ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत टाका. लेबर रूममध्ये त्या वेळी बाईला रक्तस्राव होत असतो, वार पडायची असते, आणि नेमकं तेव्हाच लेबल चुकतं. एकाच रात्री दोन बाळंतपणं झाली तर बघायलाच नको.

त्यापेक्षा टाच बरी. साध्या बाळंतपणाला ४८ तास थांबवतोच. सिकलसाठी बाळ किती तासांचं आहे याचा फरक पडत नाही, पण त्याच कार्डावर थायरॉइडचा थेंब घ्यायचा असेल तर पहिल्या २४ तासांनंतर घ्या. म्हणजे डिस्चार्जच्या सकाळी, बीसीजी देतानाच. एकाच रडण्यात दोन्ही कामं.

पद्धत अशी आहे.

बाळाला आईच्या मांडीवर, अंगावर पाजत असतानाच घ्यायचं. पाय बाळाच्या छातीच्या पातळीपेक्षा खाली राहू द्या. टाच कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं ३ ते ५ मिनिटं शेका. पाणी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल इतपतच, ४२ अंशांच्या वर नाही. हिवाळ्यात हे सोडलं तर रक्त येतच नाही आणि मग सगळे टाच दाबत बसतात.

टोचायची जागा: तळव्याच्या बाजूनं टाचेची आतली किंवा बाहेरची कड. मधोमध नाही, आणि मागचा गोल भाग तर अजिबात नाही, तिथं हाड लगेच लागतं. लॅन्सेट बाळासाठीचाच, २ मिलिमीटरपेक्षा खोल न जाणारा. मोठ्यांच्या शुगरचा प्रिकर किंवा इंजेक्शनची सुई वापरू नका. टाचेच्या हाडाला इन्फेक्शन झालं तर बापा, ते महिनोन्महिने पुरतं.

स्पिरिटनं पुसलं की पूर्ण वाळू द्या. ओलं असेल तर स्पिरिट रक्तात उतरून पेशी फुटतात. पहिला थेंब कोरड्या कापसानं टिपून टाका. दुसरा थेंब मोठा होऊ द्या आणि कार्डाचा गोल त्याला नुसता टेकवा, टाच कार्डावर घासू नका. एका गोलाला साधारण ७५ ते १०० मायक्रोलिटर लागतं. एकाच बाजूनं, एकाच थेंबात गोल भरून रक्त मागच्या बाजूला उमटलं पाहिजे. भरला नाही म्हणून वरून दुसरा थेंब टाकू नका, तो गोल सोडून पुढचा घ्या.

टाच पिळायची नाही. हलकं दाबून सोडायचं, परत भरू द्यायचं. पिळलं की पेशींच्या मधलं पाणी मिसळतं, थेंब फिका पडतो, भोवती पिवळसर कडं दिसतं. असं कार्ड लॅब परत पाठवते आणि बरोबर करते.

लॅबटेक_वैनगंगा

सिस्टरनं लिहिलं तसं झालं तरी अर्धी कार्डं वाळवताना खराब होतात, म्हणून तेवढं सविस्तर सांगतो.

कार्ड आडवं, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असं, स्टँडवर किंवा दोन पट्ट्यांवर अधांतरी ठेवायचं. टेबलावर पालथं टाकू नका, रक्त टेबलाला चिकटतं. कमीत कमी ३ ते ४ तास, सावलीत. उन्हात नाही, हीटरजवळ नाही, ड्रायरनं नाही. वाळल्यावर रंग लाल न राहता गडद तपकिरी होतो.

आता आपल्याकडची खास गोष्ट: कुलर. उन्हाळ्यात वॉर्डात एकच थंड जागा असते, कुलरसमोरची, आणि सगळे कार्ड तिथं नेऊन ठेवतात. कुलरची हवा पाण्यानं भरलेली असते. कार्ड बोटाला कोरडं लागलं तरी आतून दमट राहतं, पाकिटात गेलं की बुरशी येते नाहीतर हिमोग्लोबिन बिघडतं. कुलर नसलेल्या खोलीत, साध्या पंख्यापासून लांब वाळवा. दुसरी खास गोष्ट म्हणजे मुंग्या. स्टँडचे पाय पाण्याच्या बशीत ठेवा, नाहीतर सकाळी गोलाला भोकं पडलेली दिसतील.

वाळल्यावर प्रत्येक कार्ड स्वतंत्र कागदी पाकिटात. एकावर एक ठेवायचे असतील तर मध्ये कागद घाला, नाहीतर एकाचं रक्त दुसऱ्याला लागतं. मग सगळी झिपच्या पिशवीत, सिलिका जेलची पुडी आणि दमटपणा दाखवणारी पट्टी टाकून. पट्टीचा रंग बदलला की पुडी बदला. २४ तासांत पाठवा. गाडी दोन-तीन दिवसांनीच येत असेल तर पिशवी फ्रिजमध्ये ठेवा, पण वापरताना बाहेर काढून बंदच ठेवा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. थंड पिशवी लगेच उघडली तर आत दव धरतं.

मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत कार्ड ठेवलं तर दोन दिवसांत हिमोग्लोबिनचं रूप बदलतं. यंत्रावर ए आणि एसच्या मागेपुढे फुटकळ शिखरं येतात, खरी शिखरं खुजी होतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, भामरागडचा रस्ता बंद झाला, तर पाठवता येत नाही हे गृहीत धरूनच चाला: कार्ड सिलिकासकट सीलबंद करून फ्रिजमध्ये ठेवा आणि रस्ता सुरू होताच पहिल्या गाडीनं पाठवा. दोन आठवड्यांपेक्षा जुनं कार्ड असेल तर लॅबला आधी फोन करून सांगा.

कार्डावर काय लिहायचं: आईचं पूर्ण नाव आणि आरसीएच नंबर, म्हणजे तिच्या गरोदरपणाच्या सरकारी नोंदणीचा (बाळाला अजून नाव नसतं, 'बेबी ऑफ' एवढ्यावर शोधता येत नाही), जुळं असेल तर १ की २, जन्माची तारीख-वेळ, नमुन्याची तारीख-वेळ, किती आठवड्यांचं बाळ, वजन, बाळाला रक्त चढवलं का, आईचा सिकल रिपोर्ट, आणि दोन मोबाईल नंबर. लिहिताना बॉलपेन, जेल पेनची शाई ओघळते.

बाळाला रक्त चढवायचं असेल तर तपासणी त्याच्या आधीच घ्यायची. एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या कक्षात) बाळ गेलं तर हा थेंब सगळ्यात आधी. चढवल्यानंतर घेतलं तर त्यात रक्तदात्याचं ए दिसतं, मग तीन-चार महिने थांबा किंवा जनुकाची चाचणी करा.

आशा_गटप्रवर्तक_धारणी

दोन मोबाईल नंबर लिहा म्हटलं ते फारच बरोबर आहे. त्यात एक भर: दोन्ही गावं लिहा. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. बाळ जन्मतं माहेरच्या पीएचसीत, कार्डावर पत्ता माहेरचा, आणि सवा महिन्यानं आई सासरी जाते. रिपोर्ट माहेरच्या आशाकडे येतो, ती घरी जाते तर कुलूप. नवऱ्याचा मोबाईल, बापाचा मोबाईल, माहेरची आशा, सासरची आशा, एवढं त्या कागदावर असलं तर बाळ हरवत नाही.

आणि तपासणी सुरू करायच्या आधी हे ठरवा की रिपोर्ट कुणाच्या हाती येणार आणि तो कुणी सांगायचा. नाहीतर रिपोर्ट जिल्ह्याच्या रजिस्टरमध्ये आणि बाळ गावात.

मेडिकल_ऑफिसर_जिवती

यंत्राऐवजी पट्टीची जी नवी चाचणी आली आहे, प्रेग्नन्सी टेस्टसारखी, ती नवजात बाळात चालते का? आमच्या भागात जिल्ह्याची लॅब लांब पडते.

लॅबटेक_वैनगंगा

चालते. ती सोल्युबिलिटी नाही. तिच्यात हिमोग्लोबिन ए, एस आणि सी ओळखणारी प्रतिपिंडं असतात. त्यामुळे एफ जास्त असलं तरी थोडं एस दिसतं. १० मिनिटांत उत्तर. पण चार गोष्टी सांभाळा.

एक, रेघ वाचायची रीत किटनुसार उलटी असते. काही किटमध्ये रेघ उमटली म्हणजे ते हिमोग्लोबिन आहे, आणि स्पर्धात्मक पद्धतीच्या किटमध्ये रेघ न उमटली म्हणजे ते आहे. किट बदललं की पूर्ण टीमला नव्यानं शिकवा आणि पाकिटातला तक्ता भिंतीवर लावा. सवयीनं वाचलं तर एएचा एस होतो.

दोन, ठरवलं तेवढंच रक्त. काही किटला दीड मायक्रोलिटर पुरतं, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. जास्त टाकलं तर रेघा पुसट किंवा विचित्र दिसतात.

तीन, तापमान. बहुतेक किटच्या पाकिटावर ३० अंशांपर्यंतची मर्यादा असते. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात औषधाच्या खोलीतलं कपाट त्यात बसत नाही. किट आयएलआरच्या (लसींच्या फ्रिजच्या) खोलीत ठेवा, आयएलआरमध्ये नाही.

चार, वेळेआधी जन्मलेल्या बाळात ए फारच कमी असतं. पट्टीवर ए दिसत नाही, एस दिसतं, आणि वाहक बाळ रुग्ण ठरतं. म्हणून पट्टीवर 'फक्त एस' आलं तर ते संशयित एवढंच लिहा, एचपीएलसीनं पक्कं होईपर्यंत. आणि थॅलेसेमिया, हिमोग्लोबिन डी वगैरे पट्टी सांगत नाही. 'ए' आलं म्हणजे सगळं ठीक असं लिहू नका, 'एस आढळलं नाही' असं लिहा.

सीएचओ_कुरखेडा_रोड

एचपीएलसीचा रिपोर्ट येतो त्यावर एफए, एफएएस अशी अक्षरं असतात. ती कशी वाचायची?

लॅबटेक_वैनगंगा

अक्षरांचा क्रम म्हणजे प्रमाणाचा उतरता क्रम. जे जास्त ते आधी.

एफए: नेहमीचं बाळ.
एफएएस: ए जास्त, एस कमी. वाहक.
एफएस: ए नाहीच. एसएस, एस-बीटा शून्य थॅलेसेमिया, किंवा एससोबत एफ जास्तच राहणारा प्रकार. जन्माला यातला फरक कळत नाही, कळायची घाईही नाही, तिन्ही बाळांना पुढचं सगळं सुरू करायचं.
एफएसए: एस जास्त, ए थोडं. एस-बीटा प्लस थॅलेसेमियाचा संशय. इथं फसगत होते: 'ए आहे' म्हणून वाहकात टाकतात. क्रम बघा. आणि बाळाला रक्त चढवलेलं नाही ना, हेही बघा.
नुसतं एफ: वेळेआधीचं बाळ असू शकतं, नाहीतर थॅलेसेमिया मेजर. काही आठवड्यांनी पुन्हा.

बीटा थॅलेसेमियाचा वाहक जन्माला ओळखता येत नाही, कारण ए२ (मोठ्यांच्या रक्तात थोडंसं असणारं हिमोग्लोबिन) अजून वाढलेलं नसतं. ते वर्षभरानंतर. उलट नवजात बाळाच्या नमुन्यात ए२ स्पष्ट दिसलं तर त्यात आईचं रक्त मिसळलं असं समजा. यंत्राच्या आलेखात अगदी सुरुवातीला उंच सुळका आला तर ते बार्ट्स हिमोग्लोबिन, म्हणजे अल्फा थॅलेसेमिया, आदिवासी भागात ते बरंच दिसतं. यंत्रावर मोठ्यांसाठीचा प्रोग्रॅम लावून बाळाचा नमुना चालवू नका. एफचं शिखर एवढं मोठं असतं की बाकीचं गणित बिघडतं. नवजातासाठीचा प्रोग्रॅम वेगळा असतो.

हिमोग्लोबिन डी पंजाब अल्कलाइन इलेक्ट्रोफोरेसिसवर एसच्याच जागी येतो. जिथं एचपीएलसी नाही, तिथं आम्लीय जेलवर पडताळल्याशिवाय एस म्हणू नका. चंद्रपूरला आयसीएमआरचं हिमोग्लोबिनचे आजार तपासणारं केंद्र आहे. जिल्ह्याच्या लॅबला न सुटलेले नमुने तिकडे पाठवण्याबद्दल विचारता येतं.

बालरोग_ग्रामीण

आता बाळाकडे येतो. एफएस किंवा एफएसए आलेल्या बाळाचं सगळं गणित एका तारखेवर आहे: दोन महिन्यांचं व्हायच्या आत पेनिसिलिन सुरू झालं पाहिजे.

जन्माला हे बाळ टुणटुणीत असतं, कारण एफ त्याला सांभाळतं. चार-सहा महिन्यांत एफ उतरतं आणि त्रास सुरू होतो. पण प्लीहा, जी न्यूमोकॉकससारख्या जंतूंना अडवते, ती त्याच सुमारास निकामी होऊ लागते. ताप आला आणि काही तासांत बाळ गेलं, असं होतं ते यामुळे. पेनिसिलिनचा उपयोग १९८६ सालच्या अमेरिकेतल्या चाचणीत स्पष्ट झाला: रोज पेनिसिलिन घेणाऱ्या लहान मुलांत या जंतूचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी.

मात्रा: पेनिसिलिन व्ही १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, ३ वर्षांपर्यंत. मग २५० मिग्रॅ दोनदा, ५ वर्षांपर्यंत. तान्ह्या बाळाला २५०ची अर्धी गोळी कुटून आईच्या दुधात चमच्यात विरघळवून. औषध मिळालं नाही म्हणून थांबू नका, ॲमॉक्सिसिलिनचा पर्याय आहे, वजनावर मात्रा डॉक्टर ठरवतील. फॉलिक ॲसिड रोज. आणि लसी: दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांची पीसीव्ही (न्यूमोकॉकसवरची लस) या बाळाला एकही चुकता कामा नये. दोन वर्षांनंतर २३ प्रकारांची न्यूमोकॉकल लस वेगळी द्यावी लागते, ती नेहमीच्या यादीत नाही, मागणी आधी नोंदवा.

ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला की थेट दवाखाना. पीएचसीत बाळ बघताच सेफ्ट्रियाक्सोन ५० ते ७५ मिग्रॅ प्रति किलो, मग रेफर. रेफर करून वाटेत द्या म्हणू नका. मलेरियाचीही तपासणी त्याच वेळी. वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण असतं, पण एसएस मुलाला ते नाही. उलट त्याचा मलेरिया वाईट वळण घेतो, आणि गडचिरोलीत हे लक्षात ठेवावंच लागतं.

आईला प्लीहा चाचपायला शिकवा. बाळ उताणं, पाय दुमडलेले, शांत असताना डाव्या बरगडीखाली बोटांची टोकं आडवी ठेवायची. कडक कड लागली तर ती बरगडीपासून किती खाली आहे हे एका दोऱ्यावर गाठ मारून ठेवायचं. ताप येईल तेव्हा किंवा बाळ अचानक पांढरं पडेल तेव्हा दोरा लावून बघायचा. गाठीच्या पुढं गेली आणि बाळ फिकट, तर वेळ घालवायचा नाही, रक्त प्लीहेत अडकून साठलं आहे. दवाखान्यात अशा बाळाला रक्त थोडं थोडं द्या, ५ ते १० मिली प्रति किलो. नंतर प्लीहा आपलं अडकवलेलं रक्त परत सोडते आणि एचबी उसळतं.

सहा महिने ते दोन वर्षांत हाताची-पायाची पंजे सुजणं हे पहिलं लक्षण असतं. बरेच जण मार लागला किंवा किडा चावला म्हणून लेप लावतात. रिपोर्ट आधीच हाती असेल तर तेवढ्यासाठी भटकंती होत नाही.

आपल्याकडचा सिकल अरबी-भारतीय प्रकारचा, एफ पुढंही बऱ्यापैकी राहतो, म्हणून 'सौम्य असतो' असं म्हणतात. सरासरीनं खरं असेल, पण समोरच्या एका बाळाला ती सरासरी लावून पेनिसिलिन टाळणं मला पटत नाही.

एक अजून: लोहाच्या औषधाचा गोंधळ होतो. वाहक बाळाला सहा महिन्यांनंतरचं आठवड्यातून दोनदा १ मिली सिरप नेहमीप्रमाणे द्या, अडवू नका. एसएस बाळाला मात्र फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) बघितल्याशिवाय लोह देऊ नका.

आशा_गटप्रवर्तक_धारणी

दोन महिन्यांची मुदत डोक्यात ठेवली तर आशाताईचं वेळापत्रक आपोआप जुळतं. दवाखान्यात बाळंत झालेल्या आईकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट असते. डिस्चार्जला कार्ड गेलं, २१ किंवा २८ व्या दिवशी लॅबला फोन: रिपोर्ट आला का? ४२ व्या दिवसापर्यंत आई दीड महिन्याच्या लसीला येतेच, तेव्हा रिपोर्ट हातात आणि दुसरा नमुना त्याच दिवशी. दीड महिन्याला रिपोर्ट नसेल तर वाट पाहू नका, नवं रक्त घ्या.

एफएस रिपोर्ट लसीकरणाच्या रांगेत सांगायचा नाही. आरोग्य दिनाला अंगणवाडीत पंधरा बाया बसलेल्या असतात. आईला आणि बापाला वेगळं बोलवा, सिस्टर नाहीतर डॉक्टर सांगतील. वाहकाचा रिपोर्टही देताना पहिलं वाक्य हे: बाळ आजारी नाही, आजारी पडणारही नाही, लग्नाच्या वेळी जोडीदाराची तपासणी करा एवढंच. नाहीतर सासरी ती पोर आयुष्यभर 'सिकलवाली' होते आणि आईच्या माथी खापर फुटतं.

मेडिकल_ऑफिसर_जिवती

खापरावरून एक अवघड मुद्दा. बाळ एफएस, आई एएस, आणि बापाचा रिपोर्ट एए आला तर?

बालरोग_ग्रामीण

हा कागद कुणाच्याही हाती द्यायच्या आधी चार शक्यता संपवा. बापाची फक्त सोल्युबिलिटी झाली का? मग एचपीएलसी करा. बापाला हल्ली रक्त चढवलं का? बापाचं ए२ ३.५ टक्क्यांच्या वर आणि एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) कमी आहे का? मग तो थॅलेसेमियाचा वाहक आहे आणि बाळ एस-बीटा थॅलेसेमियाचं, सगळं जुळलं. चौथं, नमुना अदलाबदल: बाळाचा आणि बापाचा दोन्ही नव्यानं, लेबल समोर लावून. या चौघांतच बहुतेक प्रश्न सुटतो. त्यापुढं काही उरलं तर ते फक्त आईशी, एकटीशी. बाळाच्या उपचाराला बापाच्या रिपोर्टची गरज नाही, म्हणून त्यासाठी औषध अडवू नका.

स्टाफनर्स_लेबररूम

खाजगी दवाखान्यात आणि घरी झालेल्या बाळंतपणांचं काय करायचं? त्यांची कार्डं कुणाकडेच नसतात.

आशा_गटप्रवर्तक_धारणी

पहिल्या लसीला पकडायचं. दीड महिन्याची लस देताना एएनएम ताईनं एमसीपी कार्डावर (आई-बाळाच्या तपासणी-लसीच्या कार्डावर) सिकलची नोंद बघायची, नसेल तर तिथंच टाचेचं कार्ड किंवा पट्टी. उशीर झाला तरी दोन महिन्यांत रिपोर्ट मिळू शकतो. तेंदूपत्त्याच्या हंगामात, एप्रिल-मेमध्ये, जी कुटुंबं जंगलात किंवा बाहेरगावी जातात त्यांचा रिपोर्ट जायच्या आधी मागवून घ्या, आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर दोन महिन्यांच्या पेनिसिलिनच्या गोळ्या आणि तापाची चिठ्ठी सोबत द्या. चिठ्ठीत 'सिकलसेल, ताप आल्यास तातडीने इंजेक्शन' एवढं मराठीत आणि हिंदीत. छत्तीसगडच्या सीमेपलीकडच्या दवाखान्यातही ती चालते.

सीएचओ_कुरखेडा_रोड

धन्यवाद सगळ्यांना. बैठकीसाठी एवढं पुरेसं आहे. उपकेंद्रावरचं सोल्युबिलिटीचं रजिस्टर काढून सहा महिन्यांखालच्या सगळ्या बाळांसमोरचं 'निगेटिव्ह' खोडून 'पुन्हा तपासणी' लिहायला घेतो. त्यातल्या मोठ्या झालेल्यांची एचपीएलसी करायची ना?

लॅबटेक_वैनगंगा

होय, सहा महिन्यांच्या पुढं असेल तर ईडीटीएमध्ये १ ते २ मिली आणि थेट एचपीएलसी. जुन्या एंट्रीवर तारीख आणि सही करा, खाडाखोड दिसू द्या.